गाणं चालू, स्क्रीन काळी

माझं काम लग्नपत्रिकांचं. सोलापुरात दत्त चौकाच्या मागे एका खोलीत चोवीस वर्षं डीटीपी करते. गड्ड्याची यात्रा उठली की आमचा सीझन सुरू होतो आणि अक्षय्य तृतीया ओलांडेपर्यंत मान वर करायला सवड नसते. निम्म्या पत्रिका दोन भाषांत असतात. पूर्व भागातली पद्मशाली घरं मराठीबरोबर तेलुगू मजकूर मागतात, विजापूरकडची सोयरीक असली की कन्नड. मला तेलुगू बोललेलं बरंचसं कळतं, वाचता मात्र येत नाही. त्यांनी लिहून आणलेला कागद आणि स्क्रीनवरचं अक्षर शेजारी धरून, आकारावर आकार जुळवत मी प्रूफ तपासते. वेलबुट्टी जुळवावी तसं. मध्येच नजर हलली की ओळ हरवते, पुन्हा पहिल्यापासून.

अशीच एक तेलुगू पत्रिका लावत होते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, दुपारची वेळ. प्रिंटरवरचा कागद उचलून वळले तर समोरची स्क्रीन काळी. लाइट गेली म्हणावं, तर डोक्यावर पंखा फिरत होता. यूपीएस ओरडत नव्हता. कॉम्प्युटरवर लावलेलं भावगीत तर एक मात्रा न चुकता चालू होतं. ‘झालं, मजकूर गेला’ म्हणून हात कपाळाला लावला, तोवर स्क्रीन आली. तेलुगू अक्षरं जागच्या जागी, कर्सर लुकलुकतोय. जेमतेम तीन सेकंद.

त्या दिवशी असं पाच वेळा झालं. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. मी दर ओळीला कंट्रोल-एस दाबायला लागले. गंमत म्हणजे गिऱ्हाईक आलं की हमखास जायची. नवऱ्या मुलीचे वडील दारात उभे, मी ‘या, बसा’ म्हणायला उठणार, की स्क्रीन गुल. शेजारची टेलर म्हणाली, “तुझ्या कॉम्प्युटरला परक्या माणसाची लाज वाटते.” मी हसले, पण त्या वाक्यात काही सापडेल असं तेव्हा कुठं वाटलं होतं!

मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री फोन केला. त्यानं डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. “आई, स्क्रीन जाते तेव्हा गाणं बंद पडतं का?” नाही. “कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डवरचा दिवा लागतो, विझतो का?” दुसऱ्या दिवशी बघितलं, लागतो आणि विझतोही. मग म्हणाला, कॉम्प्युटर जिवंत आहे, फक्त चित्र पोचत नाहीये. गाणं थांबलं असतं, आतला पंखा बंद झाला असता, तर एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर, नाहीतर गरम होण्यावर संशय घ्यायचा. सुरू करतानाच नुसती बीप आणि चित्रच नाही असं असतं तर रॅम. इथं मॉनिटर, त्याची केबल किंवा ग्राफिक्स या तिघांतच चोर आहे. आणखी एक युक्ती सांगितली: स्क्रीन काळी असताना टॉर्च तिरपा मारून बघ. पुसट अक्षरं दिसली तर चित्र येतंय, मागचा उजेड गेलाय. युक्ती चांगली, पण तीन सेकंदांत टॉर्च सापडून पेटेपर्यंत माझी स्क्रीन परत आलेली असायची. एकदा टॉर्च हातात धरूनच बसले अर्धा तास, तर ती गेलीच नाही.

फोनवरून सांगून त्यानं स्क्रीन बंद व्हायची वेळ ‘नेव्हर’ करून घेतली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते. मशिन अचानक बंद पडलं तर तिथं कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद होते, ड्रायव्हर अडखळला तर डिस्प्ले ४१०१. त्यानं दुरून माझं मशिन उघडून ती वही पानपान चाळली. त्या नऊच्या नऊ वेळांना तिथं काही नाही. मशिनच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

तरी मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. ऐन सीझनमध्ये शास्त्र कुणाला सुचतं? पोरगा गुणी आहे, वेळेला धावून येतो. त्यानं कॅबिनेट उघडला, ब्लोअरनं धूळ उडवली. माझ्याच ड्रॉवरमधला खोडरबर घेऊन रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासल्या, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. मग माझ्या खुर्चीत बसून चांगला पाऊण तास मशिन चालवलं. एकदाही गेली नाही. दवाखान्यात पाय ठेवला की दुखणं पळतं, त्यातलाच प्रकार. शेवटी म्हणाला, “अक्का, एसएमपीएस वीक झालाय बघा. लूमच्या लाइनवर व्होल्टेज असंच नाचतंय.” यंत्रमागांच्या गावात वीज-व्होल्टेजचं कुठलंही पाप मागांच्या माथी मारता येतं आणि ते ऐकणाऱ्याला पटतंही. बाराशे रुपये दिले. जुना एसएमपीएस तो पिशवीत घालून घेऊन गेला.

आणि खरंच, दोन दिवस स्क्रीन हलली नाही. त्या दोन दिवसांत आभाळ आलं होतं, संध्याकाळी थोडा शिडकावाही झाला. वाळत घातलेल्या पापडांची काळजी करत मी वर दोनदा बघितलं होतं, एवढंच आठवतं. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि अकराच्या सुमाराला स्क्रीन गेली.

मग मॉनिटर. टेलरच्या मुलाचा अभ्यासाचा मॉनिटर एका दुपारपुरता मागून आणला, माझ्याच केबलला लावला. तोही काळा. म्हणजे माझा मॉनिटर निर्दोष. मग केबल. बाजारात जाऊन दीडशे रुपयांची नवी एचडीएमआय आणली, पातळ, चकचकीत, गुंडाळली तर मुठीत मावेल अशी. तिच्यानं तर दुखणं वाढलं. आधी नऊदा जायची ती चौदा-पंधरादा जायला लागली. आता मात्र मला रडू यायचंच बाकी होतं. एका घरची चारशे पत्रिकांची ऑर्डर प्रेसला द्यायची होती आणि मुहूर्ताच्या ओळीवर ‘दु.’ आहे की ‘सायं.’ हे ताडायला कागद आणायला उठावं, तर समोर अंधार व्हायचा. पत्रिकेत एखादं नाव चुकलं तर माफी असते, मुहूर्त चुकला तर नसते.

याच दिवसांत मी एक काम केलं, ते मुलाच्या सांगण्यावरून. भिंतीवर दाते पंचांगाचं कॅलेंडर लटकतं. ते सोलापूरचंच, मुहूर्तांसाठी मला रोज लागतं. स्क्रीन गेली की त्या तारखेच्या चौकोनात वेळ टाकायची. आठ दिवसांत चौकोन मुंग्यांनी भरल्यासारखे झाले. सकाळी नऊ-दहाला जवळजवळ काही नाही. अकरा ते पाच गर्दी. दिवे लागल्यावर पुन्हा कमी. आभाळाचे ते दोन दिवस कोरे. मुलगा म्हणाला, उन्हानं मशिन तापत असेल. पण पंखे साफ, नवी पेस्ट, आणि तापमान दाखवणारा आकडा साठच्या वर कधी गेला नव्हता.

अप्पा, माझे वडील, दुपारी दुकानात येऊन दाराजवळच्या बाकावर बसतात. वय पंच्याऐंशी. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर गेली. मांडीवर ट्रान्झिस्टर असतो, डोळे मिटलेले. मला वाटायचं झोपलेत. त्या दुपारी मी पुन्हा एकदा वेळ टिपायला कॅलेंडरकडे निघाले तर ते म्हणाले, “वेळ काय लिवत बसलीस? तू उठलीस की जातंय की ते.”

मी म्हटलं, “अप्पा, असं कसं होईल?”

“बसल्यालं असताना एकदा तरी गेलंय का? आठव बघू.”

आठवायला लागले. प्रिंट उचलायला उठले तेव्हा. गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायला उठले तेव्हा. चहा घ्यायला, शटरपाशी कुरिअर घ्यायला. टॉर्च घेऊन बसून राहिले होते तेव्हा नाही. दुरुस्तीवाला पाऊण तास खुर्चीत बसून होता तेव्हा नाही. अंगावर काटा आला, आणि थोडी लाजही वाटली.

लगेच पडताळा घेतला. बसायचं, उठायचं, स्क्रीनकडे बघायचं. दहा वेळा उठले, सात वेळा स्क्रीन काळी झाली. मग आतली जुनी लाकडी खुर्ची आणली. दहा वेळा, एकदाही नाही. शेजारची टेलर दारात येऊन उभी राहिली होती. तिला वाटलं असेल, कामाच्या ताणानं हिला काहीतरी झालंय.

नवी खुर्ची संक्रांतीला मुलानं पाठवली होती, माझ्या कंबरेसाठी. खाली पाच चाकं, मधे वर-खाली होणारा गॅसचा दांडा, बसायला नायलॉनचं जाळीदार कापड. आणि माझ्या अंगावर दुकानात नेहमी सिंथेटिक साडी. धुवायला सोपी, इस्त्री नको. त्या खुर्चीतून उठून लोखंडी कपाटाच्या मुठीला हात लावला की बोटाला टचकन चटका बसायचा, तोही संक्रांतीनंतरच सुरू झाला होता. त्याची तक्रार मी घरात केलीही होती. पण चटका कपाटाचा आणि अंधार स्क्रीनचा, दोन्ही एकाच वहीत लिहायचे हे डोक्यात आलं नाही.

अप्पांना मात्र ते नवं नव्हतं. कोरड्या हवेत दोरा तुटतो, तंतू फिसकारतात, कापड अंगाला ओढ घेतं, म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवावी लागायची. उन्हाळ्यात फवारे बिघडले की मुकादमाचा आवाज चढायचा. “सुताला ओल लागती, तुज्या ह्या नायलॉनला ओल ठाऊकच नाही,” ते म्हणाले. नायलॉनपेक्षाही पॉलिएस्टरच्या बाबतीत हे जास्त खरं आहे. नेहमीच्या हवेत सुती धागा वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ओलावा असला की साचलेली वीज हळूच निघून जाते. नसला की साचत राहते आणि एकदम सुटते.

मुलाला सांगितलं तर तो आधी हसला. “आई, खुर्चीनं स्क्रीन जात नसते.” तासाभरानं त्याचाच फोन. आवाज उतरलेला. डिस्प्लेलिंक नावाची कंपनी स्क्रीन जोडायच्या चिप बनवते. तिच्या मदतपानावरच लिहिलेलं होतं की गॅसच्या दांड्याच्या खुर्चीत बसता-उठताना विजेचा एक झटका निर्माण होऊ शकतो, तो व्हिडिओच्या केबलमध्ये शिरतो आणि मॉनिटरचा ताळ सुटतो. त्यानं मला समजावलं ते असं. उठताना साडी खुर्चीपासून सुटते, तेव्हा दोघींवर उलटसुलट वीज राहते. ती कुठंतरी धातूत बारीकशी ठिणगी होऊन सुटते. ठिणगी म्हणजे क्षणभराचं रेडिओ स्टेशनच, आणि लांब केबल म्हणजे त्याची एरियल. जुन्या व्हीजीए केबलवर असला झटका आला तर चित्र जरासं थरथरतं, लक्षातही येत नाही. एचडीएमआयमध्ये आकड्यांचा प्रवाह असतो. तो तुटला की मॉनिटर सगळं सोडून देतो आणि पुन्हा ओळखपाळख करून घ्यायला दोन-तीन सेकंद लावतो. माझा जुना मॉनिटर निळ्या पिनेच्या व्हीजीएचा होता. नवा मी दिवाळीत घेतला. मॉनिटर दिवाळीत, खुर्ची संक्रांतीला, कोरडी हवा फेब्रुवारीत. तिन्ही गोष्टी जुळून आल्या तेव्हा कुठं हे नाटक सुरू झालं.

अप्पांनी त्यांच्या पद्धतीनं शहानिशा केली. ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हला लावला, दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर काटा ठेवला आणि केबलजवळ धरला. “ऊठ,” म्हणाले. मी उठले. खरखरीतून स्पष्ट ‘टिक्’ आला आणि स्क्रीन गेली. पुन्हा बसले, उठले. टिक्. अंधार. ज्यांनी आयुष्यात माउसला हात लावला नाही त्या माणसानं मांडीवरच्या रेडिओवर माझ्या कॉम्प्युटरचं दुखणं ऐकून दाखवलं. मला कोपऱ्यात जाऊन डोळे पुसावे लागले. ते आपले पुन्हा बातम्या लावून बसले.

उपाय सोलापुरात शोधायला लागत नाही. घरातला जाड सुती टॉवेल, इथलाच टेरीचा, खुर्चीच्या पाठीपासून बैठकीपर्यंत पांघरला आणि चारी कोपरे बांधले. दहा वेळा उठले, दोनदा गेली. सुती साडी नेसून आले, दहातून एकदा. दीडशेची केबल काढून जाड, आत नीट जाळीचं आवरण असलेली साडेचारशेची घेतली. तिच्या दोन्ही टोकांजवळ काळी, गुळगुळीत गाठ असते. ती फेराइटची. असले झटके ती अडवते. मी इतकी वर्षं तिला केबल वळू नये म्हणून घातलेली शोभेची गाठ समजत होते. केबल खुर्चीच्या बाजूनं लोंबायची, ती टेबलाच्या मागून नेली.

मग मुलानं हट्टच धरला म्हणून वायरमनला बोलावलं, अर्थिंग तपासायला. त्यानं टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजमध्ये, दुसरं अर्थच्या भोकात घातलं. दिवा लागायला हवा होता. नाही लागला. बोर्ड उघडला तर हिरवी वायर मागे टेप गुंडाळून शांतपणे लोंबत होती, कशालाच जोडलेली नाही. कुणी कधी तशी ठेवली, देव जाणे. वर माझ्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या प्लगची वरची जाड पिन कधीतरी तुटलेली, आणि मी तो तसाच दोन पिनांवर चालवत होते. ती पिन मुद्दाम लांब असते, प्लग घालताना सगळ्यांत आधी तिचा स्पर्श व्हावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा म्हणून. वायरमन माझ्यावर ओरडला, आणि बरोबर ओरडला. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात हे मी त्याला हसत हसत सांगत होते. खुर्चीचा चटका मोठा वाटला तरी क्षणाचा असतो. माणसाला तो जाणवतो तोच ३००० व्होल्टच्या आसपास, पण त्यात जीव नसतो. अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटच्या झिणझिण्या मात्र घराच्या लाइटच्या असतात आणि एखाद्या ओल्या दिवशी त्या माणसाला धरून ठेवू शकतात. हिरवी वायर मीटरपासच्या अर्थिंगपर्यंत नेली, बोर्ड नवा घेतला. संध्याकाळी दहा वेळा उठले. एकदाही गेली नाही.

आता यातलं किती टॉवेलनं झालं, किती केबलनं आणि किती हिरव्या वायरनं, हे वेगळं काढून सांगता यायचं नाही. मुलगा म्हणतो, एकेक उपाय काढून पाहायला हवा. त्याला म्हटलं, सीझन संपू दे.

चारशे पत्रिका वेळेत गेल्या, ‘सायं.’ होतं ते ‘सायं.’च छापून. दुरुस्तीवाल्या पोराला सगळा किस्सा सांगितला आणि माझा जुना एसएमपीएस परत मागितला. त्यानं कान पकडले. “अक्का, तो मी झेरॉक्सच्या एका दुकानात बसवला बी. लई भारी चालतोय.”

तुमच्याकडे स्क्रीन जात असेल तर आधी गाणं लावून ठेवा, थांबतं का बघा. आणि प्लगची वरची पिन जागेवर आहे का तेवढं आजच बघून घ्या.